धरणं, सोडणं, आवरणं

३० सप्टेंबर १९९३. भाद्रपद पौर्णिमेची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बुडवून गाव उशिरा झोपलेलं. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हललं आणि दगडमातीची माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिसऱ्या दिवसाची एक गोष्ट सांगायची आहे, कारण संयमाच्या शब्दांचं हे पुस्तक तिथं सुरू झालं.

आमच्या घरातले तिघे गेले होते. पाऊस थांबत नव्हता. कुठल्या तरी लांबच्या गावाहून ट्रक आला आणि त्यातून आलेल्या लोकांनी पत्रावळींवर गरम खिचडी वाढली. माझ्या आत्याचा चातुर्मासाचा नेम होता. कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला होता, म्हणजे चार महिन्यांचा चातुर्मास पाच महिन्यांचा झालेला. खिचडीत कांदा दिसत होता, चांगला उभा चिरलेला. मी बारा वर्षांचा होतो आणि तिच्याकडंच बघत होतो. तिनं पत्रावळ मांडीवर घेतली, माझ्या धाकट्या भावाला दोन घास भरवले आणि तिसरा घास स्वतःच्या तोंडात घातला. शेजारची बाई हळूच म्हणाली, "अगं, नेम मोडला की तुझा." आत्या म्हणाली, "मोडला नाही. बाजूला ठेवलाय. हात रिकामे झाले की परत धरीन."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पुढं शब्दांचं काम करायला लागलो, कोश चाळायला लागलो, तेव्हा कळलं की आत्या न शिकता जे बोलली ते भाषेत फार खोलवर रुजलेलं आहे. मराठीत उपास 'धरतात'. नेम धरतात, मौन धरतात, धीर धरतात, दम धरतात. आपण समजतो की संयम म्हणजे काही तरी सोडणं, पण भाषा त्याला काही तरी हातात धरणं म्हणते. आणि जे सोडायचं ते उलट्या टोकाला असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण उपास सोडतो, तोच शब्द वापरून दारू सोडतो. एकाच क्रियापदानं पुण्यही संपतं आणि व्यसनही.

संस्कृतात गेलं तरी हाताची ही खूण पुसत नाही. संयम, नियम, यम हे तिन्ही शब्द 'यम्' या धातूचे आहेत, आवरून धरणं असा त्याचा अर्थ. घोड्याचा लगाम धरावा तसं. आपला 'नेम' हा त्या नियमाचाच घरात वापरून गुळगुळीत झालेला धाकटा भाऊ. निग्रहात 'ग्रह्' म्हणजे पकडणं आहे. बाहेरच्या भाषाही फार वेगळ्या नाहीत. इंग्रजांनी ज्या लॅटिन शब्दावरून 'अ‍ॅब्स्टिनन्स' घेतला त्याचा मूळ अर्थ दूर धरून ठेवणं. रमजानात पहाटे ज्या क्षणी खाणंपिणं थांबतं त्याला अरबीत 'इम्साक' म्हणतात, आणि त्याच्याही मुळाशी घट्ट धरणंच आहे. व्रत मात्र वेगळ्या कुळातलं. ते 'वृ' म्हणजे निवडणं या धातूशी जोडतात. ज्यानं निवडलं नाही त्याचं व्रत होत नाही. ही एवढी गोष्ट मनात ठेवली तरी पुढचा सगळा इतिहास वेगळा दिसू लागतो.

नवख्या वाचकासाठी तो इतिहास थोडक्यात मांडायला हवा. सर्वांत जुनी वाट श्रमणांची आणि योग्यांची. पतंजलीनं यम आणि नियम प्रत्येकी पाच सांगितले हे शाळेतही शिकवतात. पण त्याच योगसूत्रांत 'संयम' हा शब्द फार निराळ्या अर्थानं येतो. धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर लागली की त्याला संयम म्हणायचं. तिथं जीभ, पोट, लिंग यांच्या दमनाचा विषयच नाही, चित्त एका जागी धरून ठेवण्याचा आहे. जैनांनी संयमाचं सर्वांत बारीक गणित मांडलं. गृहस्थासाठी पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं आणि चार शिक्षाव्रतं. त्यांच्या तपांमध्ये 'अवमौदर्य' नावाचं एक तप आहे, त्याचा अर्थ भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. संपूर्ण उपासापेक्षा मला ते अवघड वाटतं, कारण ताट समोर असतं आणि हात मधेच थांबवायचा असतो. दिगंबर परंपरेतले आचार्य शांतिसागर यांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून, देह ठेवला तो आमच्याच मुलखात, कुंथलगिरीला. सल्लेखनेबद्दल आज न्यायालयांतही वाद होतात. या पुस्तकात त्या शब्दाला जागा आहे, पण त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध निकाल नाही. मरणाच्या दारातल्या माणसाच्या निवडीवर कोशकारानं बोलू नये असं मला वाटतं.

बौद्धांनी पंचशीलात 'वेरमणी' हा शब्द ठेवला. विरत राहणं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा दिली, तेव्हाच्या २२ प्रतिज्ञांमध्ये मी दारू पिणार नाही हीही होती. मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांत हा पालीतला शब्द रोजच्या वंदनेतून लहान मुलांच्या तोंडी आहे. ज्या शब्दाचा अर्थ पुण्या-मुंबईचे पंडित कोशात शोधतात, तो इथं सहा वर्षांची पोरगी पाठ म्हणते. मराठी कोशांनी या शब्दाकडं आता तरी नीट बघावं.

आता तेराव्या शतकात येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा प्रसंग मराठवाड्याचा स्वतःचा आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात हेमाद्री हा मोठा अधिकारी. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रतांचा एक अख्खा खंड आहे. तिथी, वार, नक्षत्र, देवता, दान, पारणं, सगळं त्यात लावून दिलेलं. पुढच्या शतकांत घरोघर जी व्रतं चालली त्यांच्यामागं या ग्रंथाचं मोठं वजन आहे. विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला तेव्हा पाचव्या खंडात व्रतांवर लिहिताना त्यांनाही हेमाद्रीकडं जावंच लागलं. आणि त्याच काळात, त्याच मुलखात, चक्रधरस्वामी गावोगाव हिंडत होते. त्यांच्या महानुभाव पंथानं देवदेवतांची व्रतं बाजूला सारली आणि आचार मध्यभागी आणला. भिक्षा मागून खाणं, एका जागी न गुंतणं, जिवाला न दुखवणं. एकाच राज्यात एक माणूस संयमाची यादी वाढवत होता आणि दुसरा ती यादी फाडून माणसाच्या वागण्यावर बोट ठेवत होता. या दोन टोकांमधली ओढाताण मराठीतल्या संयमाच्या शब्दांत आजही चालू आहे. आपण 'व्रतवैकल्यं' हा जोडशब्द थोड्या नाराजीनं उच्चारतो, त्या नाराजीला सातशे वर्षांचं वय आहे.

त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, आमच्यापासून जवळच्या कल्याणमध्ये, आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी तिसरीच दिशा दाखवली होती. हाताला काम, त्याला 'कायक' म्हणायचं, आणि त्यातून आलेलं वाटून खायचं, तो 'दासोह'. शरीर सुकवण्यापेक्षा शरीर राबवणं. मन्मथ स्वामींनी 'परमरहस्य' मराठीत लिहिलं आणि हा विचार आमच्या बाजूच्या लिंगायत घरांत मराठीतून मुरला. आमच्या गल्लीत एका बाजूला सूतक पाळणारी घरं होती, दुसऱ्या बाजूला सूतक न मानणारी लिंगायत घरं. भूकंपानंतरच्या दिवसांत एकाच शेडमध्ये दोन्ही प्रकारची माणसं एका चुलीवर शिजवत होती. कुणी कुणाला काही शिकवलं नाही.

वारकऱ्यांनी मात्र सगळ्यांत सोपं केलं. तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस नाही, दारू नाही, पंधरा दिवसांनी एकादशी. सबंध शास्त्र एका दोऱ्यात ओवलं. म्हणून मराठवाड्यात आजही एखाद्यानं पेला पुढं केला तर लांब भाषण द्यावं लागत नाही. "माळकरी आहे" एवढं म्हटलं की पुरतं, पेला पुढं करणाराही हात मागं घेतो. नकार देणाऱ्याची आणि आग्रह करणाऱ्याची दोघांचीही अब्रू राखणारा दुसरा शब्द मला कुठल्या भाषेत सापडलेला नाही. आषाढ शुद्ध नवमीला, चातुर्मास लागायच्या आधी, कांद्याचे सगळे पदार्थ पोटभर खाऊन घ्यायचे, ती कांदेनवमी. पुढं चंपाषष्ठीला भरीत करून वांगं परत घरात येतं. संयमाला असा सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस असतो आणि दोन्ही दिवशी स्वयंपाकघरात वास सुटतो, हे विसरून केलेली संयमाची चर्चा मला कोरडी वाटते.

मुसलमान शेजाऱ्यांचं दखनी बोलणं आमच्या मराठीत मिसळलेलं आहे. त्यातून 'परहेज' आला. आमच्याकडं डॉक्टरनं मीठ बंद केलं की म्हातारी माणसं परेज सांगितलंय म्हणतात. 'तोबा' आला. त्याचा मूळ अर्थ परत फिरणं, वाट बदलणं. आपण कानाला हात लावून तोबा म्हणतो तेव्हा तो अर्थ विसरलेला असतो.

इथवर आलो ते सगळे शब्द माणसानं स्वतः हातात घेतलेले. पण या शेतात काटेही आहेत आणि त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. संयम स्वतः न धरता दुसऱ्याच्या हातात दिला, की तेच शब्द जाच होतात. विधवेचं एकभुक्त राहणं, केस काढणं, जमिनीवर झोपणं, यालाही समाजानं संयमच म्हटलं होतं. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं, ते वाचताना आजही चटका बसतो. हे सगळे नेम बायकांनाच का, असा त्यांचा रोख. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि ब्रह्मचर्याच्या उपदेशावर सतत टीका केली. त्याच काळात गांधीजींच्या आश्रमात एकादश व्रतं म्हटली जात होती. त्यांत 'अस्वाद' हे व्रत होतं. चवीसाठी न खाणं, इतका नेमका अर्थ एका शब्दात बसवलेला. कर्वे आणि गांधीजी यांच्यात कोण बरोबर, हा प्रश्न मला मराठी वाचकाच्या हातात ठेवायचा आहे. माझा कल विचाराल तर कर्व्यांच्या शंकेकडं अधिक आहे, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न 'हे कुणाच्या हातानं?' असा होता.

हाच प्रश्न भुकेच्या शब्दांनाही विचारावा. उपास, उपोषण, लंघन, उपासमार. चौघांत पोट रिकामंच. पण उपास माणूस देवासमोर धरतो, लंघन वैद्याच्या सांगण्यावरून करतो, उपोषण समाजासमोर बसून करतो. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले आणि दहा दिवसांत दार उघडलं. उपासमार मात्र कुणी करत नाही, ती होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं सुकडी आणि लाल मिलो खाल्ला, खडी फोडली. त्या माणसांना काटकसरीचं आणि मिताहाराचं प्रवचन देणं हा अपराध ठरला असता. ज्याच्या ताटात काही आहे त्यालाच ते दूर सारण्याचं स्वातंत्र्य असतं.

संयमातून राजकारण कसं उभं राहतं हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात दिसतं. किल्लारीपासून जवळच हिप्परगा आहे. तिथल्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण १९३२ साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. घर सोडलेल्या या माणसानं पुढं सबंध संस्थानाचा लढा हाती धरला. १९४७-४८ च्या त्या लढ्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठवले गेले आणि शिंदीची झाडं तोडली गेली. शिंदीवरच्या आबकारीतून निजामाच्या तिजोरीत पैसा जात होता. म्हणजे शिंदीवर घाव घालणं हे व्यसनमुक्तीचंही काम होतं आणि राजाच्या उत्पन्नावरचा घावही. आबकारीत 'आब' म्हणजे पाणी. राज्यानं दारूला पाणी म्हटलं आणि त्यावर कर बसवला.

दारूचा शब्दसंग्रह या पुस्तकातला सर्वांत जाड भाग आहे आणि त्याचं कारण पुन्हा किल्लारीच. भूकंपानंतर मदत आली, सानुग्रह अनुदानाचे धनादेश आले, आणि ज्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं त्या घरातला बाप्या संध्याकाळी बाटली घेऊन बसू लागला. नव्या गावठाणाच्या सरळ रस्त्यांवर, एकसारख्या घरांच्या रांगांत, मी ते बघत मोठा झालो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. व्यसनाची मराठी क्रियापदं माणसाच्या हातची नसतात. दारू लागते. नाद लागतो. चटक लागते. सवय जडते. संयमाची सगळी क्रियापदं मात्र माणसानं करायची असतात. धरायचं, सोडायचं, आवरायचं. आणि वर्षानुवर्षं झगडून जो मोकळा होतो तो क्वचितच "मी सोडली" म्हणतो. तो म्हणतो, "सुटली." ते त्याच्या बळावर झालं असेल, बायकोच्या, मित्रांच्या, औषधाच्या बळावर झालं असेल, पण श्रेय घेत नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणायला लागले, तेव्हा दारुड्या या शब्दाची शिवी उतरली. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मंडळं आता मराठीतही भरतात आणि तिथं जन्मभराची शपथ कुणी मागत नाही, फक्त आजच्या दिवसाची गोष्ट होते. आमच्या नेमाला हे ओळखीचं वाटावं, तोही दिवसादिवसानंच चालतो.

'बंदी' हा या कुटुंबातला परका पाहुणा. फार्सीतून आलेला, आणि नेहमी दुसऱ्याच्या हातातला. दारूबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, गडचिरोलीतली १९९३ ची दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ साली आलेली आणि २०२१ साली उठलेली बंदी, यांवर बाजूनं आणि विरुद्ध रकाने भरून लिहिलं गेलं. मला जास्त रस गावातल्या बायकांच्या मतदानात आहे. निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर मत दिलं की गावातलं दुकान बंद होतं, आणि "आमच्या गावानं बाटली आडवी केली" असं त्या सांगतात. इथं बंदीही हातात धरलेल्या नेमासारखी होते. ती नवऱ्यावर लादलेली आहे हे खरं, पण तिच्यामागं ज्यांनी मार खाल्ला त्यांची निवड आहे, आणि व्रताच्या मुळाशी निवडच असते.

आज हे शब्द का उकरायचे? एक कारण पाण्याचं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. ती गाडी बघायला स्टेशनवर उभी राहिलेली माणसं मी पाहिली. उसाच्या शेतांच्या जिल्ह्यात प्यायचं पाणी रुळांवरून आलं. पाण्यासाठी आपल्याकडं 'जपून वापरा' एवढाच शब्दप्रयोग आहे, तो सरकारी फलकावर बसतो. हिवरे बाजारनं उसाला आणि बोअरला नाही म्हटलं, तिथं गावानं मिळून नेम धरला. असा सामुदायिक नेम मराठीत काय म्हणून ओळखायचा, हे अजून ठरलेलं नाही. दुसरं कारण ताटाचं. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवा हे सांगितलं आणि ते महाराष्ट्रभर पोचलं, कारण ऐकणाऱ्याच्या मागं एकादशीची शतकं उभी होती. लोक त्याला 'डाएट' म्हणतात, पण 'धरलंय' हेच क्रियापद लावतात. "दोन महिने झाले, दीक्षित धरलंय." भाषेनं आपली जुनी मूठ सोडली नाही.

या पुस्तकात सुमारे चारशे शब्द आहेत आणि त्यांच्याबरोबर मराठवाड्यातल्या माणसांनी ते कसे वापरले याच्या आठवणी. शब्द अकारविल्हे न लावता कुणाच्या हातचे आहेत यावरून लावले आहेत. माणसाचे स्वतःचे, घराचे, वैद्याचे, गुरूचे, राज्याचे, आणि शेवटी कुणाच्याच हातचे नसलेले. काही शब्द दोन-तीन ठिकाणी येतात. 'सोवळं' तीन ठिकाणी आलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा चेहरा वेगळा आहे. 'आवरणं' या शब्दाला मी सर्वांत जास्त पानं दिली. घर आवरणं, जीभ आवरणं, मन आवरणं, रडू आवरणं, हात आवरता घेणं. आमच्याकडच्या बायका दिवसभर हे क्रियापद वापरतात, आणि घर आवरणारा हात आणि स्वतःला आवरणारा हात त्यांच्या बोलण्यात कधी वेगळा होत नाही. व्युत्पत्तींवर तज्ज्ञांचे मतभेद असतील तिथं मी अधिक मान्य असलेली बाजू घेतली आहे. उपदेश कुठं शिरला असेल तर तो माझा दोष समजावा.

आत्याचं सांगायचं राहिलं. त्या दिवसांत तिनं अकरा दिवस कांदा घातलेलं खाल्लं. बाराव्या दिवशी कुणी तरी वेगळं पीठ आणि डाळ आणून दिली, तेव्हा तिनं शेडच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली आणि नेम परत धरला. कार्तिकी झाली, बाकीच्या शेडमध्ये कांद्याच्या फोडण्या पडू लागल्या. ती थांबली. भिंत तर राहिली नव्हती, म्हणून पत्र्यावर तिनं कोळशानं रेघा ओढल्या, रोज एक. अकरा रेघा झाल्या त्या सकाळी तिनं मला दुकानातून कांदा आणायला पाठवलं. पायरीच्या दगडावर ठेवून मुठीनं फोडला, वरचा पापुद्रा काढला, ज्वारीच्या भाकरीवर मिठाबरोबर ठेवला, आणि पहिला तुकडा माझ्या हातावर दिला.